विसर कां पडतो ?

श्रोतेहो, आज मी ज्या विषयावर बोलणार आहें, त्याची पूर्वतयारी माझ्या हातून नकळतच झाली आहे. चार दिवसांपूर्वीं या भाषणाची तालीम देण्याकरितां मी याच इमारतींत आलों होतों. तालीम ठीक झाली. परत जातांना माझी छत्री मात्र येथेंच राहिली. लोकांना स्मरणशक्तीविषयीं चार गोष्टी सांगावयास आलेला गृहस्थ स्वतःची छत्री विसरून गेला, ही वार्ता दाराशीं बसणाऱ्या शिपायानें आज मला मोठ्या गांभीर्यानें सांगितली व छत्री हातांत दिली. विषयाला याहून योग्य प्रस्तावना मला तरी सुचली नसती.

मी कांहीं मानसशास्त्राचा पंडित नव्हें. मॅट्रिकची परीक्षा दिल्यावर अध्यापनाचें शिक्षण घेऊन मीं प्राथमिक शाळेंत पस्तीस वर्षें मुलें शिकविलीं, एवढाच माझा अधिकार. परंतु शिक्षकाचा सारा व्यापार स्मृतीशींच असतो. निवृत्त झाल्यावर माझी स्वतःची स्मृति जेव्हां दगा देऊं लागली, तेव्हां या विषयावरील पुस्तकें मीं मिळवून वाचलीं. आणि वाचतां वाचतां ध्यानांत आलें कीं, विसरण्याविषयीं मी जन्मभर मुलांना जें सांगत आलों त्यांतलें बरेंचसें चुकीचें होतें. ती कबुली पुढें देईनच.

प्रथम छत्रीचें पाहूं. मी छत्री 'विसरलों' असें आपण म्हणतों. पण खरें पाहतां ती कोठें ठेविली हें मला कधीं ठाऊकच झालें नव्हतें. आंत येतांना माझें सारें चित्त हातांतील कागदांत गुंतलें होतें. हातानें छत्री कोपऱ्यांत टेकविली, मनाला त्याची वार्ताही नव्हती. जें पेटींत घातलेंच नाहीं तें पेटींतून निघणार कसें ? चष्मा, किल्ल्या, औषधाची डबी, बँकेचें पुस्तक, यांच्यापायीं घरोघर जी शोधाशोध चालते ती बहुतेक याच जातीची असते. आपली भाषा या बाबतींत मोठी शहाणी आहे. आठवण ठेवावयास सांगावयाचें झालें तर आपण 'लक्षांत ठेव' म्हणतों, 'ध्यानांत असूं दे' म्हणतों. म्हणजे आधीं लक्ष आणि मग स्मरण, हा क्रम आपल्या आजीपणजींनीं बोलण्यांतच बांधून ठेविला आहे. आम्ही शिक्षक मात्र मुलांना 'लक्षांत ठेव' म्हणतांना त्यांतल्या 'लक्षा'कडे फारसें लक्ष देत नसूं.

यावरचा उपाय इतका साधा आहे कीं, सांगावयास संकोच वाटतो. वस्तु खालीं ठेवतांना क्षणभर थांबावें आणि तोंडानें म्हणावें, 'किल्ली फडताळांत ठेविली.' ऐकणारे हसतील, हसूं द्यावें. शेगडी बंद केली कीं नाहीं या शंकेनें अर्ध्या वाटेवरून परत येणाऱ्यांना तर हा उपाय विशेष लागू पडतो. कारण रोजचें काम हात आपोआप करतो आणि मन त्या वेळीं दुसरीकडे असतें. याहूनही सोपा उपाय म्हणजे प्रत्येक वस्तूला एक खुंटी. माझ्या वडिलांची पगडी, पंचा आणि काठी यांच्या तीन खुंट्या ठरलेल्या होत्या, आणि काठी शोधतांना मीं त्यांना कधीं पाहिलें नाहीं. त्यांची स्मरणशक्ति थोर होती असें नव्हे. त्यांनीं तिला कामच ठेविलें नव्हतें.

आतां दुसरा प्रकार घ्या. मी बाजारास निघालों कीं घरांतून हुकूम सुटतो : लिंबें, कोथिंबीर, तूरडाळ, काडेपेटी, खोकल्याचें औषध आणि पोस्टाचीं तिकिटें. मी चार जिनसा आणतों आणि दोहोंबद्दल बोलणीं खातों. यांत माझा दोष थोडा, मनुष्यस्वभावाचा अधिक. मनाचा जो तळहात आहे, ज्यावर आपण एखादी गोष्ट घटकाभर धरून ठेवतों, तो फारच लहान आहे. जॉर्ज मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें १९५६ सालीं असें मांडलें कीं, त्यावर एका वेळीं सातांच्या आसपास गोष्टी मावतात. २००१ सालीं नेल्सन कोवन यांनीं तो आंकडा चारांच्या आसपास आणिला. परंतु येथें एक युक्ति आहे. एक 'गोष्ट' म्हणजे केवढी, हें ठरविणें आपल्या हातांत असतें. लिंबें आणि कोथिंबीर हें भाजीवालीकडचें, डाळ आणि काडेपेटी हें वाण्याकडचें, औषध व तिकिटें हीं पलीकडच्या रस्त्यावरचीं, अशी सहांचीं तीन गाठोडीं बांधलीं तर तळहातावर तीनच ओझीं राहतात. दूरध्वनीचे दहा आंकडे आपण पांच-पांच करून म्हणतों तेंही यामुळेंच.

माजघरांतून स्वयंपाकघरांत जावें आणि तेथें उभें राहून 'मी कशाला बरें आलों ?' असें स्वतःस विचारावें, हा अनुभव नसलेला मनुष्य मला अजून भेटावयाचा आहे. अमेरिकेंतील गेब्रिएल रॅडव्हान्स्की यांनीं २०११ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असें आढळलें कीं, तितकेंच अंतर एकाच खोलींत चालण्यापेक्षां दार ओलांडून चाललें तर हातांत काय घेतलें होतें याचा विसर अधिक पडतो. जणूं उंबरठ्यावर मन जुनें पान उलटतें. पुढें २०२१ सालीं ऑस्ट्रेलियांत पुन्हा प्रयोग झाले, तेव्हां डोकें दुसऱ्या एखाद्या कामांत गुंतलेलें असेल तरच हा परिणाम दिसला. म्हणजे फिरून गोष्ट लक्षावरच आली. उंबरठा ओलांडतांना 'सुरी, सुरी' असें पुटपुटत जावें, हें उत्तम.

नांवांचें दुःख मात्र निराळें आहे. जुना विद्यार्थी रस्त्यांत वांकून नमस्कार करतो. तो कोणत्या बांकावर बसे, त्याचें हस्ताक्षर कसें होतें, त्याची आई शाळेंत भांडावयास आली होती, सारें आठवतें. नांव तेवढें येत नाहीं. इंग्लंडांतील मानसशास्त्रज्ञांनीं १९८७ सालीं याविषयीं एक मौजेचा प्रयोग प्रसिद्ध केला. अनोळखी चेहरे दाखवून त्यांचीं आडनांवें व धंदे लोकांना शिकविले. इंग्रजींत 'बेकर' हें आडनांवही आहे आणि पाव भाजणाराचा धंदाही आहे. तोच शब्द धंदा म्हणून सांगितला तर ध्यानांत राही, आडनांव म्हणून सांगितला तर निसटून जाई. आपल्याकडे 'पोतदार' घ्या. अमका गृहस्थ नाणीं पारखून घेणारा पोतदार होता म्हटलें कीं डोळ्यांपुढें पेढी, तराजू, रुपयांचा खणखणाट उभा राहतो. आणि अमक्याचें आडनांव पोतदार म्हटलें तर कांहींच उभें राहत नाहीं. नांव हें भिंतींत न ठोकलेल्या खिळ्यासारखें असतें, त्याला कांहीं अडकवितां येत नाहीं. म्हणून नवी ओळख झाली कीं तें नांव त्या संभाषणांतच दोन-तीन वेळां उच्चारावें, आणि मनांत त्या गृहस्थाच्या हातांत एखादा तराजू द्यावा. चित्र जितकें हास्यास्पद तितकें टिकाऊ. तें त्याला सांगूं मात्र नये.

हें झालें घरगुती विसरण्याविषयीं. आतां शिकलेलें विसरण्याविषयीं, आणि येथें माझी कबुली.

हर्मान एबिंगहाउस या जर्मन विद्वानानें १८८५ सालीं स्मृतीवर एक छोटेंसें पुस्तक प्रसिद्ध केलें. या माणसाची चिकाटी पाहून मला घाम फुटला. त्यानें दोन व्यंजनांमध्यें एक स्वर घालून सुमारें तेवीसशें निरर्थक अक्षरसमूह बनविले, म्हणजे अर्थाचा आधार कोठेंच मिळूं नये. मग त्यांच्या माळा तो स्वतःच पाठ करी, आणि ठराविक काळ लोटल्यावर तीच माळ पुन्हा पाठ करावयास किती श्रम वांचतात हें मोजी. वीस मिनिटांनीं सुमारें ५८ टक्के श्रम वांचत. एका तासानें ४४. एका दिवसानें सुमारें एक तृतीयांश. सहा दिवसांनीं एक चतुर्थांश. आणि एकतीस दिवसांनींही सुमारें २१ टक्के. आंकडे नीट ऐका. पहिल्या दिवसांतच बहुतेक माल वाहून जातो, आणि त्यानंतर महिनाभरांत जातो तो अगदींच थोडा. म्हणजे उजळणी आठवड्यानें करावयाची नसून त्याच दिवशीं, मग दुसऱ्या दिवशीं, मग आणखी कांहीं दिवसांनीं करावयाची. त्याला दुसरेंही एक आढळलें : एकाच बैठकींत ६८ वेळां घोकून जें साधे, तें तीन दिवसांत वांटून केलेल्या ३८ आवृत्त्यांनीं साधे.

मी मुलांना काय सांगे ? 'पुन्हा वाच. दहा वेळां वाच.' एका मुलास इतिहासाचा धडा येत नव्हता म्हणून मीं तो त्याच्याकडून वीस वेळां लिहवून घेतला. वही अगदीं स्वच्छ होती. दुसऱ्या दिवशीं विचारलें तों हा आपला गप्प. मीं त्याला आळशी ठरविलें आणि तासभर वर्गाबाहेर उभें केलें. त्यानें खरोखरच वीस वेळां लिहिलें होतें, याचा पुरावा माझ्या टेबलावर पडला होता. तरी मला शंका आली ती मुलाविषयीं, माझ्या उपायाविषयीं नाहीं. तो मुलगा आज कोठें आहे मला ठाऊक नाहीं.

रोडिगर आणि कार्पिक या दोघां अमेरिकन संशोधकांचा २००६ सालचा एक प्रयोग मीं वाचला तेव्हां तो मुलगा माझ्यापुढें येऊन उभा राहिला. विद्यार्थ्यांच्या एका गटानें एक उतारा चार बैठकींत वाचला. दुसऱ्या गटानें तो पहिल्या बैठकींत वाचला आणि पुढील तीन बैठकींत उतारा न पाहतां आठवेल तेवढा लिहून काढला. पांच मिनिटांनंतर वाचणारे पुढें होते : ८३ टक्के, आणि आठवणारे ७१. आठवड्यानंतर पारडें उलटलें : वाचणारे ४०, आठवणारे ६१. मौज अशी कीं, आपल्याला चांगलें येतें असा भरंवसा वाचणारांनाच अधिक होता. वारंवार वाचल्यानें मजकूर ओळखीचा वाटूं लागतो, आणि ओळख म्हणजेच ज्ञान असें आपण समजतों. पुस्तक मिटून आठवूं लागावें, अडखळावें, चुकावें, मग उघडून पाहावें. या अडखळण्यांतच स्मृति पक्की होते. माझा तो मुलगा वीस वेळां हातानें लिहीत होता, पण एकदांही आठवीत नव्हता.

आणि हें आपल्याला नवें तरी कोठें होतें ? लहानपणीं दिवेलागणीला आम्हां भावंडांना देवापुढें बसवून परवचा म्हणवीत. पाढे, मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, आणि शेवटीं ती छातींत धडकी भरविणारी औटकी. औट म्हणजे साडेतीन. हातांत पुस्तक नसे. समोर वडील नाहीं तर थोरला भाऊ असे, आणि चुकलें कीं तेथल्या तेथें सुधारून घेई. रोज, थोडें, मोठ्यानें आणि पुस्तकाशिवाय : एबिंगहाउसनें आणि त्या अमेरिकन संशोधकांनीं जें मोजून दाखविलें तें त्या अर्ध्या तासांत बहुतेक सारें होतें. वेदपाठशाळांतून तर याच्याही पुढची योजना आहे. घनपाठांत पहिलें पद व दुसरें, मग दुसरें व पहिलें, मग पहिलें-दुसरें-तिसरें, तिसरें-दुसरें-पहिलें, आणि पुन्हा पहिलें-दुसरें-तिसरें असा क्रम चालतो. नुसत्या तोंडाच्या ओघानें पुढें जाण्याची सोयच नाहीं. वेदपठणाच्या या परंपरेचा गौरव युनेस्कोनें २००३ सालीं केला. आमच्या पिढीनें घोकंपट्टीची जी निंदा केली ती सर्वस्वीं खोटी नव्हती, कारण अर्थ न समजतां घोकणें हें व्यर्थच. पण त्या निंदेबरोबर परवचाही गेला, याचें मला वाईट वाटतें.

झोपेविषयींही दोन शब्द. १९२४ सालीं जेन्किन्स व डॅलनबाख यांनीं दोन विद्यार्थ्यांवर प्रयोग करून दाखविलें कीं, पाठ केल्यावर झोंप घेतली तर तितकाच वेळ जागें राहण्यापेक्षां विसर कमी पडतो. परीक्षेच्या आदल्या रात्रीं मुलाच्या उशाशीं चहाचा पेला ठेवणाऱ्या मातापित्यांनीं याचा विचार करावा.

पुढें करावयाचें काम आठवणें हा आणखी एक वेगळाच प्रकार आहे. पत्र टाकावयाचें असतें, औषध घ्यावयाचें असतें, शेजाऱ्याचा निरोप द्यावयाचा असतो. माझी आई यासाठीं पदराला गाठ मारी. त्या गाठींत एक दोष असे : कांहींतरी आठवावयाचें आहे एवढेंच ती सांगे, काय तें सांगत नसे; आणि आई संध्याकाळीं गाठ चांचपीत आम्हांलाच विचारी, 'ही कशाची रे ?' 'संध्याकाळीं केव्हांतरी गोळी घेईन' हा संकल्प असाच मोघम असतो. 'जेवणाचें पान उचललें कीं गोळी घेईन' असा ठरलेल्या कामाशीं तो बांधावा, आणि गोळ्यांची डबी पाटाशेजारीं ठेवावी. जें बांधतां येत नाहीं तें लिहून ठेवावें; खिशांत वही असो वा मोबाईल, मला सारखेंच. लिहून ठेवल्यानें स्मृति दुबळी होते असें समजणारे कांहीं वृद्ध मित्र मला आहेत. वाण्याची यादी तोंडपाठ करण्यांत त्यांनीं खुशाल पुरुषार्थ मानावा.

तेलें, बदाम आणि बुद्धिवर्धक गोळ्या यांविषयीं मला पत्रें येतात म्हणून सांगतों. तेलानें डोकें थंड वाटेल. गिंको नांवाच्या झाडाच्या अर्काचा तीन हजारांहून अधिक वृद्धांवर अमेरिकेंत मोठा प्रयोग झाला. २००८ सालीं त्याचा निष्कर्ष आला कीं, त्यानें स्मृतिभ्रंश टळत नाहीं. यापलीकडे त्यावर वेळ दवडावा असें मला वाटत नाहीं.

आतां जें सांगावयाचें आहे तें सांगणें मला थोडें जड जातें. माझे वडील बंधु, आमचे दादा, टपालखात्यांत होते. गांवोगांवचे पिनकोड त्यांच्या जिभेवर असत. सहा वर्षांपूर्वीं ते एकच प्रश्न तासाभरांत चारदां विचारूं लागले. आम्ही हंसलों. 'दादा म्हातारे झाले' असें म्हणालों. मग हिशेब चुकूं लागले, तेव्हां वहिनींनीं ते गुपचूप आपल्याकडे घेतले. एका संध्याकाळीं दोन गल्ल्यांपलीकडच्या मंडईंतून त्यांना घराची वाट सांपडेना. ओळखीच्या एका मुलानें हात धरून आणून सोडलें. तरीही आम्हीं डॉक्टरांकडे जाण्यास वर्ष लावलें, कारण घरांतल्या वडील माणसाला 'तुमच्या डोक्याची तपासणी करूं' असें म्हणण्याची कोणाची छाती झाली नाहीं.

श्रोतेहो, किल्ली कोठें ठेविली हें विसरणें निराळें, आणि हातांत किल्ली असून तिचें काय करावयाचें हें न कळणें निराळें. नांव न सुचणें आणि मागाहून आंघोळ करतांना सुचणें, हें माझ्या वयाला शोभणारेंच आहे. परंतु नुकतेंच झालेलें बोलणें समूळ पुसलें जाणें, ओळखीच्या रस्त्यांत चुकणें, जन्मभराचा हिशेब हातांतून सुटणें, हीं म्हातारपणाचीं लक्षणें नव्हेत. जर्मन वैद्य अलोइस अल्झायमर यांनीं १९०६ सालीं ज्या रोगाचें वर्णन केलें, तो किंवा त्याच्या जातीचा दुसरा रोग त्यामागें असूं शकतो. कधीं कधीं मूळ अगदींच वेगळें निघतें : थायरॉइड ग्रंथीचा मंदपणा, बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव, मनाचें औदासीन्य, झोपेच्या गोळ्या. यांवर उपाय आहेत. बी-१२ हें मुख्यतः प्राणिज अन्नांतून मिळतें, तेव्हां दूधही बेताचेंच घेणाऱ्या शाकाहारी कुटुंबांनीं ही तपासणी विशेषेंकरून करावी. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकानें नेमलेल्या मंडळानें २०२४ सालीं असा अंदाज दिला कीं, स्मृतिभ्रंशाचे सुमारें ४५ टक्के रोगी ज्या चौदा कारणांशीं निगडित आहेत, तीं टाळतां किंवा कमी करतां येण्यासारखीं आहेत. त्यांत रक्तदाब, मधुमेह, एकलकोंडेपणा आणि बहिरेपणाही आहे. ऐकूं येत नसतां कानाचें यंत्र न लावणें यांत कित्येक वृद्ध अभिमान मानतात, म्हणून हें मुद्दाम सांगितलें.

दादांचा रोग बरा होणारा नव्हता. वेळेवर गेलों असतों तरी तो थांबला नसता, असें डॉक्टर म्हणाले. पण त्या एका वर्षांत आम्ही त्यांच्यावर चिडलों, त्यांना खोटें पाडलें, 'आत्तांच तर सांगितलें !' म्हणून वहिनींनीं त्यांना लहान मुलासारखें दटाविलें, तें तरी टळलें असतें.

या रोगांत नवें टिकत नाहीं आणि जुनें बराच काळ टिकतें, याचेंही कारण आहे. १९५३ सालीं अमेरिकेंत हेन्री मोलेसन नांवाच्या तरुणावर अपस्माराकरितां शस्त्रक्रिया झाली व त्यांत मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस नांवाचा भाग बराचसा काढला गेला. त्यानंतर २००८ सालीं मरेपर्यंत त्याला नवी ओळख लक्षांत ठेवतां आली नाहीं; बालपणच्या गोष्टी मात्र तो सांगूं शके. नव्या आठवणी साठविण्याची वाट त्या भागांतून जाते, आणि अल्झायमरचा रोग बहुधा प्रथम त्याच्याच आसपास घर करतो.

दादा आतां माझ्याकडेच असतात. मी त्यांचा भाऊ आहें हें त्यांना ठाऊक नाहीं; ते मला 'मास्तर' म्हणतात. गेल्या वर्षापासून मीं दिवेलागणीला नातीला घेऊन परवचा सुरू केला आहे. तिची आई म्हणते, यंत्र असतांना औटकी कशाला ? मी ऐकत नाहीं. परवां मी तिला सांगत होतों : आठ औटें अठ्ठावीस, नऊ औटें साडेतीस. आरामखुर्चींतून दादांचा आवाज आला, 'साडेएकतीस.' नातीनें बोटांवर मोजून पाहिलें आणि ती हंसूं लागली. दादाही हंसले, आणि मग मोठ्या अगत्यानें त्यांनीं मला विचारलें, 'आपण कोणाकडे आलांत ?'